दाजी, तो क्लॅम्प मी ढिला केला होता

दाजी,

तुम्ही गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी मी उभा राहून बोललो, ते अर्धंच होतं. बुद्धवंदना झाली होती. कार्ल्यातले लोक, तुमच्या कंपनीतले जुने सोबती, ताईच्या सासर-माहेरची माणसं मांडवात बसली होती. तुमच्या लाइनीवरचे एक गृहस्थ बोलून खाली बसले. इतक्या वर्षांत तुमच्या हातून गेलेलं काम कधी परत आलं नाही, असं ते म्हणाले. मग कुणीतरी म्हटलं, आता मेहुण्यानं दोन शब्द बोलावेत. मी उठलो आणि बटाट्याची गोष्ट सांगितली. लोक हसले, बायकांनी डोळ्यांना पदर लावला, मी खाली बसलो. दुसरी गोष्ट ओठांपर्यंत आली होती, ती तशीच गिळली. ती आता इथं लिहितो.

बटाट्याची गोष्ट सांगायला सोपी होती. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी मी इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये नापास झालो होतो. एखादी वस्तू मधोमध कापली तर आतून कशी दिसेल, हे मला काही केल्या डोळ्यांसमोर आणता यायचं नाही. तुमचं लग्न होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. वडगावहून वह्या घेऊन मी तुमच्याकडे राहायला आलो, आणि तुम्ही पहिली पाळी करून आलात ते आंघोळसुद्धा न करता स्वयंपाकघरात मांडी घालून बसलात. एक बटाटा उभा कापलात, एक आडवा, एक तिरका. प्रत्येक काप माझ्या वहीवर दाबून त्याचा ओला ठसा उमटवलात आणि म्हणालात, हेच काढायचं, दुसरं काय न्हाई. आठवडाभर ताईनं बटाट्याचीच भाजी केली. मी पास झालो. आज मी डिझाइनच्या कामावरच पोट भरतो. स्क्रीनवर एखादा भाग कापून आतून बघतो तेव्हा अजूनही कधीकधी वहीचं ते ओलं पान आठवतं. हे तुम्हाला समोर बसून कधी सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा तुम्ही हार घातलेल्या फोटोत होतात.

गाडी घेतली तेव्हा मी अडतिशीत होतो. पुण्यातल्या एका डॉक्टरांची सेकंडहँड, निळी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. मागच्या सीटवर धड माणूस बसायचा नाही. पल्लवीनं, माझ्या बायकोनं, ती पाहून एवढंच विचारलं की मुलीला कुठं बसवायचं. तुम्ही गाडीभोवती दोन चकरा मारल्यात, बॉनेट उघडायला लावलंत आणि बराच वेळ नुसतं आत बघत उभे राहिलात. मग म्हणालात की इतक्या कमी जागेत इतकं काय काय बसवलंय, ज्यानं बसवलं त्याचं डोकं बघ. तुम्हाला ती गाडी तेवढ्यासाठी आवडली. मला ती आवडायची कारण सिग्नलला लोक वळून बघायचे.

रविवारी सकाळी लोणावळ्याला गाड्या घेऊन जाणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये मी शिरलो होतो. पाच-सहा जण, सगळ्यांच्या गाड्या माझ्यापेक्षा भारी. कौस्तुभ नावाचा एक जण त्यांचा म्होरक्या. त्याची गाडी नुसती चालू केली तरी गुरगुरायची. त्यानं तिला कोल्ड एअर इनटेक बसवला होता. तुम्हाला मी तेव्हा समजावून सांगितलं होतं: इंजिनला लागणारी हवा कंपनीच्या गाडीत एका काळ्या प्लॅस्टिकच्या पेटीतून गाळून आत जाते. ती पेटी काढायची, तिच्या जागी जाड पाइप आणि टोकाला शंकूसारखा उघडा फिल्टर लावायचा, म्हणजे बाहेरची थंड हवा जास्त मिळते, गाडीचा जोर वाढतो. आवाज तर वाढतोच. मी तसा एक संच ऑनलाइन मागवला आणि ठरवलं की गॅरेजला न नेता स्वतः बसवायचा. ग्रुपमध्ये 'स्वतः बसवला' या शब्दांना मान होता.

वराळ्याच्या आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला बंदी. म्हणून एका शनिवारी खोकं घेऊन मी तुमच्या अंगणात हजर झालो. तुम्ही निवृत्त होऊन चार महिने झाले होते. दिवस कसा घालवायचा हे तुम्हाला अजून जमत नव्हतं, असं ताई म्हणायची. खोकं बघून तुमचा चेहरा उजळला आणि पाइप हातात घेतल्यावर तुम्ही वाद काढलात. कंपनीच्या पेटीत काय वाईट आहे, असं विचारलंत. मी म्हणालो, कंपनी खर्च वाचवते, आवाज दाबते, सगळ्यांना चालेल असं करते. तुम्ही म्हणालात, दहा इंजिनिअर बसून एक पेटी करतात, ती उगाच एवढी वाकडीतिकडी नसते. मी म्हणालो, तुम्ही जन्मभर कंपनीत होतात म्हणून कंपनीची बाजू घेता. तुम्ही हसलात आणि दहाचा पाना काढलात. तो वाद आपला कधी मिटला नाही.

गाडीच्या पुढच्या भागाखाली तुम्ही जुनी चादर अंथरलीत, पडलेला स्क्रू मातीत हरवू नये म्हणून. ताईकडून स्टीलचं ताट मागून घेतलंत आणि निघेल तो बोल्ट निघाल्या क्रमानं त्यात मांडत गेलात. बॅटरीची वायर आधी काढलीत. मी मोबाइलवर व्हिडिओ लावून उभा होतो. त्यातला माणूस जे दहा मिनिटांत उरकत होता त्याला तुम्ही तास लावत होतात आणि मला कंटाळा येत होता. पेटी निघाली तसं इंजिनचं तोंड उघडं पडलं. तुम्ही धुतलेल्या फडक्याचा बोळा करून लगेच त्यात बसवलात. आत एक वॉशर जरी पडला तरी इंजिन गेलं, म्हणालात.

जुन्या नळीत हवा मोजणारा एक छोटा सेन्सर होता. तो काढून नव्या पाइपात बसवायचा होता. मी तो उलटा धरला होता. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून तो डोळ्यांजवळ नेलात आणि त्याच्यावरचा नखाएवढा बाण मला दाखवलात. बाण इंजिनाकडं पायजे, एवढंच म्हणालात. मी म्हणालो, माहीत होतं मला.

माहीत नव्हतं, दाजी.

पाइप जोडायच्या आधी तुम्ही तो बोळा बाहेर काढून माझ्यासमोर धरलात. "बोळा काढला. बघितलास? बघितला म्हन." मी वैतागून म्हणालो, बघितला. जे केलं ते शेजारच्याला दाखवायचं, ही तुमची कंपनीतली सवय. मग एकेक क्लॅम्प, म्हणजे रबरी नळीभोवतीची ती पट्टी, जी स्क्रू फिरवला की आवळत जाते. चार होते. तुम्ही आवळायचात, नळी दोन्ही हातांनी ओढून बघायचात आणि पुन्हा पाव फेरा द्यायचात. चारही तसेच. मी तिथंच उभा होतो. म्हणून मला पक्कं ठाऊक आहे.

ऊन उतरल्यावर आपण दोघं मळवलीपर्यंत चक्कर मारून आलो. तुम्ही काच खाली करून कान देऊन ऐकत होतात. आवाज वाढलाय, बाकी काही फरक कळत नाही, असं तुम्ही म्हणालात. मला राग आला. मी म्हणालो, तुम्ही मोटारसायकलवाले, तुम्हाला काय कळणार. तुम्ही जराही न दुखावता म्हणालात, व्हय, ते बी खरंच हाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायच्या आधी मी पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं. ग्रुपवर फोटो टाकायचा होता. पाइपवर बनवणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरांत होतं आणि ते बाजूला वळलेलं होतं, फोटोत नीट येत नव्हतं. पाइप जरासा फिरवला की झालं असतं, पण त्यासाठी इंजिनकडचा क्लॅम्प ढिला करावा लागणार होता. स्क्रूड्रायव्हर तुमच्याकडेच राहिला होता. मी वर जाऊन भाजी चिरायची सुरी आणली, तिच्या टोकानं स्क्रू सोडला, पाइप फिरवला आणि फोटो काढला. पुन्हा आवळायला लागलो तेवढ्यात वॉचमन येताना दिसला. आदल्याच आठवड्यात त्याचं माझं वाजलं होतं. मी सुरीनं घाईघाईत दोन फेरे दिले, बॉनेट लावलं आणि निघालो. फोटोखाली लिहिलं, 'स्वतः बसवला.'

एवढंच झालं होतं, दाजी. सगळं मिळून पाच मिनिटांचं काम.

लोणावळ्यात भुशी धरण मागं टाकून आम्ही एकामागोमाग एक चढाला लागलो. अर्ध्या चढावर गाडीनं आचके दिले, समोर इंजिनचा दिवा लागला आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला तशी ती बंद पडली. पुन्हा चालू केली की क्षणभर घरघरायची आणि बंद. बाकीचे थांबले. कौस्तुभनं विचारलं, इनटेक नक्की कुणी बसवलाय. सकाळचा फोटो सगळ्यांनी पाहिला होता, तरी मी म्हणालो की कार्ल्याचे एक ओळखीचे मेकॅनिक आहेत, मुख्य काम त्यांनीच केलंय. बॉनेट उघडलं असतं तर काय झालंय ते मलाही दिसलं असतं. मी उघडलं नाही. आत काय दिसणार, हे बहुतेक मला कळलेलं होतं. मी बाजूला जाऊन तुम्हाला फोन लावला.

तुमची सोनाली त्या दिवशी नाशिकहून माहेरी आली होती आणि तुम्ही तिच्याबरोबर पानावर बसत होतात, हे ताईनं नंतर सांगितलं. फोनवर तुम्ही तसं काही बोलला नाहीत. कुठं आहेस विचारलंत आणि रविवारची गर्दी तोडत तासाभरात मोटारसायकलवर आलात, पाने भरलेली पिशवी टाकीवर धरून. आम्ही सहा जण गॉगल लावून रस्त्याकडेला उभे होतो. तुमच्या पायांत घरातल्या चपला होत्या.

तुम्ही बॉनेट उघडलंत. पाइप इंजिनच्या तोंडातून निसटून लोंबत होता. क्लॅम्प मागं सरकला होता. तुम्ही तो बोटानं फिरवून बघितलात, मग मान वर करून माझ्याकडे बघितलंत. मी दुसरीकडे बघत होतो.

"माझ्याच हातनं ढिला राह्यला आसंल," तुम्ही म्हणालात.

तुम्ही ते वाक्य बोललात आणि कौस्तुभ बोलला, या दोघांमध्ये थोडा वेळ गेला होता. एक वाक्य बोलण्याएवढा नक्कीच. नंतर त्या वेळेकडे मी पुष्कळदा परत गेलोय. कौस्तुभ वाईट माणूस नाही. तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "होतं काका. वय झालं की होतं असं."

तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे होतात. पाइप बसवलात, क्लॅम्प आवळलात, ओढून बघितलात. पुन्हा ओढून बघितलात. मग तिसऱ्यांदा. गाडी चालू झाली. ग्रुपमधल्या दुसऱ्या कुणीतरी कौतुकानं विचारलं, काका, तुमचं गॅरेज कुठं आहे.

"गॅरेज न्हाई," तुम्ही पाने पिशवीत भरत म्हणालात. "घरचंच काम हाय."

तेव्हाही मी म्हणालो नाही की हे माझे दाजी आहेत. जेवून जा म्हणालो नाही. मोटारसायकलला किक मारण्याआधी तुम्ही मला जवळ बोलावलंत आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणालात की उतारावर सावकाश ये, पुन्हा तसं काही वाटलं तर लगेच थांब. मी मान डोलावली.

घरी येताना ठरवलं की संध्याकाळी फोन करून सांगायचं. संध्याकाळी वाटलं की फोनवर नको, येत्या शनिवारी जाऊन समोरासमोर सांगू. शनिवारी तुमच्याकडे पाहुणे होते. असे दोन-तीन महिने गेल्यावर वाटायला लागलं की तुम्ही ते विसरला असाल, आता पुन्हा काढून काय उपयोग.

तुम्ही विसरला नव्हतात. पहिल्यांदा ते माझ्या लक्षात आलं आमच्याच घरी, मुलीच्या वाढदिवसाला. स्वयंपाकघरातला नळ गळत होता. पल्लवी सहज म्हणाली, दाजी, तेवढं बघता का. पूर्वी तुम्ही असं काही ऐकताच बाह्या सावरायचात. त्या दिवशी तुम्ही नळाजवळ गेलात, हात पुढं केलात आणि मागं घेतलात. प्लंबरला बोलवा म्हणालात, माझं आता काय खरं न्हाई. पल्लवीला ते हसण्यावारी वाटलं. मी केकचं खोकं उघडत होतो. उघडतच राहिलो.

मग ताईकडून एकेक कळत गेलं. शेजारचे आबा पाण्याची मोटर घेऊन आले, तर तुम्ही त्यांना कामशेतला जायला सांगितलंत. ज्यांच्या दोन पिढ्यांच्या मोटरी तुम्ही दुरुस्त केल्या, त्या आबांना वाटलं तुमचा काही राग आहे. गॅसचा कॉक तुम्ही बंद करायचात आणि ताईलाही हात लावून बघायला लावायचात. तुमच्या कंपनीत नट आवळला की त्याच्यावर मार्करनं रेघ मारायची पद्धत होती, म्हणजे आवळल्याची खूण राहते. तसा पांढरा मार्कर तुम्ही घरी आणलात. मोटारसायकलच्या नटांवर रेघा, पंपावर रेघा, लोखंडी कॉटच्या बोल्टवर, सिलिंडरच्या रेग्युलेटरवर. तुमच्या मागं त्या घरात बसलो तेव्हा जिकडं बघावं तिकडं मला त्या रेघा दिसत होत्या. आलेल्या माणसांपैकी कुणाला त्यांचा अर्थ माहीत नव्हता.

मला सांगायला वेळ मिळाला नाही, असं कुणी म्हणू नये. वडगावला तहसील कचेरीत तुमच्या सातबाऱ्यावरच्या नावाचं काम होतं. मी रजा काढून आलो होतो. बाहेरच्या बाकावर आपण दोघंच, तासभर. साहेब यायचे होते. तुम्ही पिशवी मांडीवर घेऊन बसला होतात. बराच वेळ समोरच्या भिंतीकडं बघून तुम्हीच विषय काढलात.

"नितीन, ती गाडी आता बरी चालती का?"

"हो. छान चालते."

"तो क्लॅम्प मधनंमधनं बघत जा. मी आवळलेलाय, पण माझा आता भरवसा न्हाई राह्यला."

मी म्हणालो, "चहा घेऊ या का?"

दाजी, मी चहा घेऊ या का म्हणालो. तुम्ही उठलात. समोरच्या टपरीवर आपण चहा घेतला, तुम्ही मला क्रीमरोल घ्यायला लावलात, लहानपणी मला आवडायचा म्हणून. परत येऊन पुन्हा अर्धा तास बसलो. त्या अर्ध्या तासात मी तुम्हाला माझ्या ऑफिसचं राजकारण सांगितलं आणि तुम्ही ते मन लावून ऐकलंत.

पुढं गाडी विकायला काढली. घेणाऱ्याला कंपनीची मूळ पेटी हवी होती. ती तुम्ही प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, पोत्यात बांधून माळ्यावर जपून ठेवली होती, स्क्रूंची पुडी आतच. एका गॅरेजात ती पुन्हा बसवून घेतली आणि देण्याआधी मी गाडी एकदा त्याच चढावरून चालवली. आवाज गेला होता. बाकी काहीही बदललं नव्हतं. गाडी तशीच चढत होती, तेवढ्याच जोरानं. म्हणजे आपल्या वादात तुमचंच बरोबर होतं. तुम्ही फोनवर विचारलंत, पेटी लावल्यावर कशी वाटते. मी म्हणालो, पाइप होता तेव्हा जोर जास्त होता. तुम्ही म्हणालात, आसंल बाबा.

मी तुमच्याशी किती खोटं बोललो ते आता एकेक करून आठवतं आणि आश्चर्य वाटतं ते सगळं किती किरकोळ होतं याचं. एकही खोटं असं नव्हतं की ज्याच्यावाचून माझं अडलं असतं.

जूनमध्ये त्या दिवशी सकाळी तुम्ही तरव्याला, भाताच्या रोपांना, पाणी बघायला शेतात गेलात आणि बांधावर बसलात ते उठला नाहीत. हृदय थांबलं, डॉक्टर म्हणाले. ताईचे सात फोन आले होते. मी मीटिंगमध्ये होतो, फोन उलटा ठेवलेला. मी पोचलो तेव्हा तुम्हाला ओसरीवर आणून ठेवलं होतं आणि पायांचा चिखल ताई ओल्या फडक्यानं पुसत होती.

पुण्यानुमोदनाहून परतल्यावर मी कौस्तुभला फोन केला. ग्रुप सोडून मला वर्ष होऊन गेलं होतं. मी त्याला सगळं सांगितलं, सुरीसकट. शेवटी तो म्हणाला, "सॉरी यार, पण कुठले काका?" त्याला आठवतच नव्हतं. भुशी, चढ, बंद पडलेली गाडी, असं सांगत गेल्यावर म्हणाला, हां, ते मेकॅनिक. मी म्हणालो, ते माझे दाजी होते, माझ्या सख्ख्या बहिणीचे यजमान. "तू कधी बोलला नाहीस," तो म्हणाला. ज्याच्यासमोर लाज जाईल म्हणून मी तोंड उघडलं नाही, त्याच्या डोक्यात तो दिवस शिल्लकही नव्हता. तुम्ही मात्र तो रोज काढून बघत होतात.

दुसऱ्या दिवशी ताईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मी सांगत असताना तिचा हात थांबला नाही. सांगून झाल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं.

"तळेगावला मेंदूच्या डॉक्टरकडं गेलतो आमी," ती म्हणाली. "तुला सांगू नको म्हनले होते."

मग तिनं सांगितलं. तुम्हाला वाटत होतं की तुमची आठवण जायला लागलीय. क्लॅम्प आवळल्याचं तुम्हाला डोळ्यांसमोर दिसायचं, नळी ओढून बघितल्याचं दिसायचं, आणि तरी तो ढिला निघाला होता. म्हणजे जे घडलं नाही ते आपल्याला दिसतं, असा तुम्ही अर्थ लावलात. डॉक्टरांनी आकडे उलटे म्हणायला लावले, घड्याळ काढायला लावलं, तपासण्या केल्या आणि सांगितलं की तुम्हाला काहीही झालेलं नाही. घरी आल्यावर म्हणालात, डॉक्टरला काय कळतंय.

इतके दिवस मी मनाशी एक शक्यता धरून होतो. त्या चढावर तुम्ही माझ्याकडे बघितलंत तेव्हा तुम्हाला खरं काय ते कळलं होतं आणि चारचौघांत माझी लाज राखायला तुम्ही दोष अंगावर घेतलात, असं मला वाटून घ्यायचं होतं. त्यात तुम्ही मोठे ठरत होतात आणि माझी सुटका होत होती. ताईनं सांगितल्यावर तेही उरलं नाही. तुम्ही माझ्यावर संशय घेतलाच नव्हता. माझ्यावर घ्यायच्या आधी तुम्ही तो स्वतःवर घेतलात, आणि तसाच शेवटपर्यंत ठेवलात. हातांवर भरवसा ठेवून जगलेल्या माणसाचा तो भरवसा मी काढून घेतला आणि दोन वर्षं परत केला नाही. एका वाक्यात परत करता आला असता.

ताई रडली नाही. मला म्हणाली, "हे त्यांना सांगायचं होतंस नित्या. मला सांगून आता काय?" आणि थोड्या वेळानं, "आता थोडे दिवस हिकडं येऊ नको. मला तुज्याशी बोलवनार न्हाई."

मी गेलो नाही. फोन केला नाही. पल्लवी एकदा डबा देऊन आली, तिच्याशी ताई नीट बोलली म्हणे. माझं नाव निघालं नाही.

बारा-तेरा दिवसांनी ताईचाच फोन आला. भाताच्या लावणीला माणसं मिळत नाहीत, रोप पिवळं पडायला लागलंय, येणार असशील तर उद्या ये. एवढं बोलून ठेवला. मी सकाळी सहाला कार्ल्यात होतो. तुमच्याकडे इतकी वर्षं येतोय, पण लावणीला कधी आलो नव्हतो. दर वर्षी परीक्षा तरी असायची नाहीतर मीटिंग. ताई, तिची जाऊ, आबांच्या घरातल्या दोघी आणि मी. पाऊस लागून होता. रोपाची मूठ डाव्या हातात धरून उजव्या हातानं चिखलात कसं रोवायचं ते जाऊबाईंनी दाखवलं. ताई माझ्याशी बोलत नव्हती. दुपारी बांधावर भाकरी खाताना तिनं माझ्यापुढं चटणी सरकवली, तीही न बघता. मला वाटलं, हे असंच राहणार आहे आणि ते बरोबरही आहे.

पाचच्या सुमाराला शेवटचा तुकडा संपला. कंबर सरळ होत नव्हती. बायका पाय धुवायला ओढ्याकडं गेल्या. ताई बांधावर उभी राहून लावलेल्या खाचराकडं बघत होती. मी तिच्यापासून चार हात लांब उभा राहिलो. बायकांच्या ओळी सुतात होत्या. मधला माझा पट्टा सापासारखा वळवळत गेला होता.

"तुज्या ओळी वाकड्या आल्यात," ताई म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "त्यांच्या बी यायच्या. दर वर्सी. आमी लय हसायचो."

दाजी, हे मला माहीत नव्हतं.